युरोपची तिकिटं आत्ता काढू की थांबू?

दिवाळीचा फराळ अजून डब्यात असतो आणि आमच्या अमेरिकेतल्या, न्यू जर्सीच्या एडिसन गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी नेवार्क-रोमचा स्क्रीनशॉट टाकतं, "जुलैचं आहे, काढू का?" मग वीस जण वीस उत्तरं देतात. एक म्हणतो मंगळवारी रात्री बघ, दुसरा म्हणतो ब्राउझरच्या इनकॉग्निटो म्हणजे खासगी खिडकीत बघ नाहीतर साइट तुला ओळखते, तिसऱ्याच्या मेव्हण्याला म्हणे मे महिन्यात निम्म्या भावात मिळालं होतं, आणि मग गाडी कुणाच्या तरी ग्रीन कार्डावर जाते आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. मी गेली बरीच वर्षं हा उद्योग करतोय, फसलोय पण भरपूर, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

आधी मनातून एक गोष्ट काढून टाका, की अमुक एका दिवशी तिकीट स्वस्त होतं आणि आपण तो दिवस गाठायचाय. तसा दिवस नसतो. तुम्ही तिकीट कधी विकत घेताय याच्याशी विमान कंपनीला फारसं घेणंदेणं नाही, तिला काळजी एवढीच की तुमच्यानंतर त्या सीटसाठी कोण येणार आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप लागतं.

मंडईत रात्री आठला मेथीची जुडी पाच रुपयाला मिळते ना, कारण उद्या ती पिवळी पडणार. विमानाची सीट मेथीपेक्षा नाशवंत, दार लागलं की किंमत शून्य. मग तीही शेवटी स्वस्त व्हायला पाहिजे, पण होत नाही, उलट भाव वर जातो. कारण रात्री आठला मंडईत येणारा माणूस घासाघीस करायलाच आलेला असतो, नाही मिळाली मेथी तर घरी पिठलं करेल. विमानाला शेवटच्या आठवड्यात येणारा माणूस अडलेला असतो, त्याची मीटिंग आहे, कुणाचं लग्न आहे, कुणी आजारी आहे, तो मागाल ते देतो. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मुंबईहून सावंतवाडीला जाणाऱ्या खासगी बसचा भाव आठवा, तिथेही बसवाला शेवटच्या दिवशी सूट देत नाही, कारण त्याला माहितीये की तुम्ही जाणारच.

या हिशोबाला गणितात बसवलं केन लिटलवूड नावाच्या माणसाने, १९७२ साली, बीओएसी या ब्रिटिश कंपनीत, जी पुढे ब्रिटिश एअरवेजमध्ये विलीन झाली. कंपनीने तेव्हा २१ दिवस आधी बुकिंग करणाऱ्यांना स्वस्त तिकिटं द्यायला सुरुवात केली होती आणि प्रश्न पडला की अशा किती सीट स्वस्तात द्यायच्या. त्याचं उत्तर इतकं साधं की चहाच्या टपरीवर समजावता येईल. समजा आत्ता कुणीतरी ६०० डॉलर द्यायला तयार आहे, आणि थांबलं तर शेवटी एखादा १,५०० देणारा येईल, कदाचित येईल, कदाचित नाही. ६०० म्हणजे १,५०० चे ४० टक्के. तर त्या सीटसाठी १,५०० वाला येण्याची शक्यता ४० टक्क्यांपेक्षा कमी वाटत असेल तर आत्ता ६०० घे आणि मोकळा हो, जास्त वाटत असेल तर सीट दाबून ठेव. बस एवढंच. आज हे काम कॉम्प्युटर करतो, हजारो फ्लाइटचं, दिवसातून कितीतरी वेळा, पण आत्मा तोच आहे.

आता हे जुलैला लावून बघा. फेब्रुवारीतल्या एखाद्या बुधवारी नेवार्कहून फ्रँकफर्टला जायला कोण तडफडतंय? कुणीच नाही, म्हणून मशीन ६०० ला विकून टाकते. आणि जूनच्या शेवटच्या शुक्रवारी? न्यू जर्सीतल्या शाळा जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात कधीतरी सुटतात, न्यूयॉर्कच्या तर अगदी २५-२६ जूनपर्यंत चालतात, म्हणजे या भागातल्या सगळ्या आईबापांना निघायला सारखाच एक आठवडा मिळतो, वर चार जुलैची सुट्टी चिकटलेली. मशीनला हे आपल्यापेक्षा आधी माहीत असतं, तिच्याकडे मागच्या कित्येक वर्षांचा हिशोब आहे. त्या शुक्रवारची ६०० ची सीट तुम्ही डिसेंबरात शोधा नाहीतर मार्चात, ती मुळात बाजारात आलेलीच नसते, आणि आपण बसतो वाट बघत.

म्हणून कधी काढू याच्या आधीचा प्रश्न आहे कधी जाऊ, आणि खरं सांगायचं तर पैसे तिथेच वाचतात. अटलांटाकडचे आपले लोक या बाबतीत वेगळ्या जगात राहतात, जॉर्जियातल्या शाळा मेच्या शेवटी सुटतात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला परत भरतात, तर त्यांची झुंबड जूनच्या सुरुवातीलाच. आमच्याकडे शाळा भरते लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, आसपास किंवा नंतर, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धात परत यायची गर्दी उसळते पण त्याच वेळी जायची गर्दी ओसरलेली असते. घरात शाळेचं पोर नसेल तर २० ऑगस्टनंतर निघून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत या, तोच रोम, तीच सीट, भाव बघून तुम्हालाच शंका येईल. फक्त १५ ऑगस्टला इटलीत फेरागोस्तोची सुट्टी असते, त्या दिवसांत अर्धी इटली समुद्रावर आणि गल्लीतल्या खानावळींना कुलूप, तेवढं टाळा.

अजून एक बारीक गोष्ट, जी फार कमी लोकांना माहिती असते. प्रत्येक भाड्याच्या मागे नियमांचं एक लांबलचक पान असतं आणि त्यात सीझनच्या तारखा लिहिलेल्या असतात, पीक म्हणजे भर गर्दीचा सीझन कधीपासून कधीपर्यंत, मधला सीझन कधी. बऱ्याच जाऊन-येऊन भाड्यांत सीझन ठरतो तो जायच्या तारखेवरून. म्हणजे पीक सुरू व्हायच्या आदल्या दिवशी निघालात तर परतीचा प्रवास भर जुलैत असला तरी तिकीट मधल्या सीझनच्या भावात बसू शकतं. शिवाय सोमवार ते गुरुवार एक भाव, शुक्रवार ते रविवार दुसरा, असंही साधारण असतं. त्यामुळे गूगल फ्लाइट्समध्ये तारखांचं कोष्टक उघडून दोन-तीन दिवस मागेपुढे करून बघणं याला पर्याय नाही, मी तर आधी कोष्टक बघतो आणि मग बायकोला सुट्टी कधी घेशील विचारतो, यावरून घरात बोलणी खाल्लीयत.

आता भावाच्या उड्यांबद्दल. इकॉनॉमी म्हणजे एक वर्ग असं आपल्याला वाटतं, पण आत दहा-बारा डबे असतात, प्रत्येकाला इंग्रजी अक्षर, वाय सगळ्यात महाग, मग बी, एम, एच, क्यू, के, एल असं खाली खाली. सीट तीच, जेवण तेच, भाव वेगळा. मशीन ठरवते की आज के डब्यात चार सीट ठेवायच्या, एलमध्ये शून्य. डबा रिकामा झाला की पुढचा महाग डबा उघडतो, आणि आपण म्हणतो अरे सकाळी ८७० होतं, संध्याकाळी ११४० झालं, साइटने मला ओळखलं! साइटने कुणाला ओळखलेलं नसतं, कुणीतरी तुमच्या आधी दोन सीट उचलल्या एवढंच, आणि त्यासाठी इनकॉग्निटोत जाऊन काही होत नाही.

आम्ही चौघं, मी, बायको, लेक आणि माझी आई. मागच्या वेळी रोमचं बघत होतो, चार माणसं टाकली की माणशी १,१४० डॉलर, दुसऱ्या दिवशी पण तेच, तिसऱ्या दिवशी पण तेच. वैतागून सहज दोनच माणसं टाकून बघितलं तर माणशी ८७०! झालेलं असं की स्वस्त डब्यात दोनच सीट शिल्लक होत्या, आणि चार एकदम मागितल्या की सिस्टिम चारही सीट ज्या डब्यात मिळतात तिथला भाव चौघांनाही लावते. मग आधी दोन काढल्या ८७० ने, लगेच उरलेल्या दोन १,१४० ने, एकूण ५४० डॉलर वाचले, म्हणजे रोममधल्या तीन रात्री. याचा तोटा एकच, बुकिंग दोन होतात, फ्लाइट रद्द झाली तर दोन्ही वेगवेगळी फिरवली जाऊ शकतात, म्हणून दोन्हीत एकेक मोठं माणूस ठेवा आणि कंपनीला फोन करून दोन्ही बुकिंग जोडून घ्या. आमच्यात लेक माझ्याबरोबर आणि आई बायकोबरोबर होती, आणि त्या दोघींच्याच सीट पुढे मागे लागल्या, ते राहू दे.

बरं, मग जुलैसाठी कधी. विक्री साधारण ११ महिने आधी उघडते, पण उघडल्या उघडल्या घ्यायची घाई करू नका. त्या वेळी कंपनीने अजून त्या फ्लाइटकडे लक्षच दिलेलं नसतं, सावधगिरीचे चढे भाव लावून ठेवलेले असतात, खरी भाडी नंतर येतात. मी ऑक्टोबर-नोव्हेंबरात गूगल फ्लाइट्सवर ट्रॅकिंग लावतो, म्हणजे भाव हलला की मला कळतं, एका तारखेवर नाही, तीन-चार तारखांवर आणि दोन-तीन शहरांवर, आणि आपल्याला किती परवडतं तो आकडा आधीच कागदावर लिहितो. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपासून फेब्रुवारीपर्यंत मधूनमधून सेल येतात, तो आकडा दिसला की घेतो आणि ग्रुपवर सांगत नाही, कारण मग कुणीतरी सांगतं की त्याला अजून पन्नासने कमी मिळालं. मार्चमध्येही काही बिघडत नाही. पण एप्रिल उजाडला आणि शाळेच्या सुट्ट्यांत अडकलेलं कुटुंब असेल तर चमत्काराची वाट बघू नका. शेवटच्या टप्प्यात भाड्यांना २१ दिवस, १४ दिवस, ७ दिवस अशी कुंपणं असतात, ती ओलांडली की स्वस्त डबे नियमानेच बंद.

मेव्हण्याला मे महिन्यात मिळालं होतं ते खोटं नाही हं. कंपन्यांचा अंदाज चुकतो. २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिक होतं, २६ जुलै ते ११ ऑगस्ट, सगळ्यांना वाटलं तिकिटं आभाळाला भिडणार, आणि झालं उलटंच, गर्दीच्या भीतीने नेहमीचे पर्यटक पॅरिस टाळून दुसरीकडे गेले. डेल्टा या अमेरिकन विमान कंपनीच्या प्रमुखांनी तेव्हा सांगितलं होतं की या भानगडीत कंपनीला जवळपास १० कोटी डॉलरचा फटका बसेल. तर असं होतं, पण ते चार जणांच्या रजा, शाळा आणि हॉटेल यांचा जुगार लावून गाठण्यासारखं नाही. एकटा सडाफटिंग असाल तर खुशाल थांबा.

मंगळवारचं खूळ कुठून आलं तेही सांगतो. एका कंपनीने सोमवारी रात्री सेल टाकला की बाकीच्या मंगळवारी तो बघून आपले भाव पाडायच्या, कारण भाडी अ‍ॅटप्को नावाच्या एका सामायिक व्यवस्थेतून दिवसाच्या ठरावीक वेळीच बाजारात जायची. आता भाव दिवसभर हलतात, मंगळवार गेला. मंगळवारी उडणं मात्र अजूनही स्वस्त पडतं, आणि या दोन गोष्टींची लोकांच्या डोक्यात भेसळ झालीय.

स्पर्धेचं प्रकरण जरा महत्त्वाचं आहे. तुम्ही बघितलं असेल की युनायटेडचा आणि लुफ्तान्साचा भाव डॉलरपर्यंत सारखा असतो. त्यात आश्चर्य काही नाही, अटलांटिकवर या कंपन्या सरकारच्या परवानगीने भागीदारीत धंदा करतात, भाव मिळून ठरवतात आणि पैसे वाटून घेतात. असे तीन मोठे गट आहेत, युनायटेड-लुफ्तान्सा-एअर कॅनडा, डेल्टा-एअर फ्रान्स-केएलएम-व्हर्जिन, आणि अमेरिकन-ब्रिटिश एअरवेज-आयबेरिया वगैरे. म्हणजे सहा साइट उघडून तुम्ही खरं तर तीनच दुकानं बघताय. भाव पडतो तो या गटांबाहेरचा कुणी त्या मार्गावर आला की, नॉर्स, फ्रेंच बी, जेटब्लू, आइसलँडएअर, पोर्तुगालची टॅप. आमच्या नेवार्कला याचा इतिहास आहे, १९८३ साली पीपल एक्सप्रेस नावाची कंपनी इथून लंडनला १४९ डॉलरमध्ये नेत होती, भाडं विमानात बसल्यावर गोळा करायचे, थेट आपला एसटीचा कंडक्टर! मग १९८५ ला अमेरिकन एअरलाइन्सने कॉम्प्युटर लावून मोजक्याच सीट तेवढ्याच स्वस्तात आणि बाकीच्या महाग विकायला सुरुवात केली, बॉब क्रँडॉल तेव्हा तिचे प्रमुख होते, आणि दोन वर्षांत पीपल एक्सप्रेस संपली. लिटलवूडचं गणित असं कंपन्या मारतं.

स्वस्त कंपन्यांचा हाच धोका. वाव एअर मार्च २०१९ मध्ये एका सकाळी बंद पडली, नॉर्वेजियनने जानेवारी २०२१ मध्ये लांबच्या फ्लाइट बंद केल्या. नॉर्सची काही ड्रीमलाइनर, म्हणजे लांब पल्ल्याची विमानं, इंडिगोने २०२५ मध्ये भाड्याने घेतली, जुलै २०२५ ला मुंबई-अ‍ॅमस्टरडॅम सुरू झालं ते त्यांच्यावरच, मुंबईकरांची सोय झाली पण आमच्या इथल्या तेवढ्या स्वस्त सीट गेल्या. अशा कंपनीचं तिकीट काढलंत तर क्रेडिट कार्डनेच काढा आणि बॅगेचे, सीटचे, जेवणाचे पैसे मिळवून मगच तुलना करा.

शहराबद्दल थोडंसं. रोमलाच उतरायचा हट्ट नको, लिस्बन किंवा मिलानला उतरा, पुढे ट्रेन नाहीतर छोटी फ्लाइट. एका शहरात उतरून दुसऱ्यातून परत यायचं असेल तर दोन एकेरी तिकिटं काढू नका, साइटवर मल्टी-सिटी नावाचा पर्याय असतो तो वापरा, मोठ्या कंपन्यांच्या एकेरी भाड्याने डोळे पांढरे होतात. आणि परतीला लंडनहून निघत असाल तर ब्रिटनचा प्रवासी कर लागतो, २०२५ मध्ये अमेरिकेसाठी इकॉनॉमीलाही माणशी ९० पाउंड होता, १६ वर्षांखालच्या मुलांना माफ. लंडन बघायचंच असेल तर आधी बघा आणि परत दुसरीकडून या.

आता सगळ्यात कामाचं, आणि हे कळल्यापासून माझा रक्तदाब खाली आलाय. २०२० मध्ये डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकनने तिकीट बदलायची फी काढून टाकली, बेसिक इकॉनॉमी हे सगळ्यात स्वस्त, अटींनी बांधलेलं तिकीट सोडून. म्हणजे साधं मेन केबिनचं तिकीट जानेवारीत घेतलं आणि मार्चमध्ये तीच फ्लाइट १५० ने उतरली, तर त्याच फ्लाइटमध्ये स्वतःलाच बदलून घ्यायचं, आणि फरक क्रेडिट म्हणून, म्हणजे त्याच कंपनीच्या पुढच्या तिकिटाला वापरायची रक्कम म्हणून, मिळतो. मग काढू की थांबू याचं अर्धं टेन्शन गेलं ना, काढा, आणि काढल्यावरही ट्रॅकिंग चालू ठेवा. बेसिक दिसायला स्वस्त असतं पण हा दरवाजा बंद होतो, शिवाय सीट फुकटात निवडता येत नाही आणि युरोपला बहुतेक वेळा बॅगेचे वेगळे पैसे. युरोपातल्या कंपन्यांचे नियम वेगळे असतात, ते पैसे भरायच्या आधी वाचा. आणि अमेरिकेतला कायदा असा की उड्डाणाला सात दिवस किंवा जास्त असतील आणि तिकीट थेट कंपनीकडून काढलं असेल तर २४ तासांत फुकट रद्द करता येतं, बेसिकसुद्धा. म्हणून चांगला भाव दिसला की आधी घ्या, घरी विचारविनिमय नंतर. कंपनीने त्याऐवजी २४ तास भाव धरून ठेवायची सोय दिली तरी कायद्याला चालतं, तेवढं बघून घ्या. स्वस्तातल्या बाहेरच्या साइटवरून काढलंत तर हा नियम त्यांना लागू नाही, मी एकदा वीस डॉलर वाचवायला तसं केलं आणि रद्द करायला दोन तास फोनवर तेच तेच गाणं ऐकलं.

भारतीय पासपोर्टवाल्यांना हे सगळं अजून एका चाळणीतून जातं, शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो, फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो. जुलैला जायचं तर जानेवारीत अर्ज करता येईल, पण उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं म्हणजे तत्काळ तिकिटासारखं, सकाळी उठून रिफ्रेश मारत बसा. वकिलाती स्वतः सांगतात की व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट घेऊ नका, आणि भाव तर थांबत नाही. माझा एक मित्र एच-वनवर, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर आहे, पासपोर्ट भारतीय, त्याला मी सांगितलं बदलता येणारं तिकीट घे, व्हिसा नाहीच आला तर क्रेडिट राहील, त्याने बेसिक घेतलं आणि अपॉइंटमेंट मिळाली ती निघायच्या तारखेनंतरची. अजून एक, अर्ज जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा असतो, रात्री समान असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. त्यामुळे स्वस्त मिळालं म्हणून रोमऐवजी लिस्बन केलं आणि चार रात्री तिथेच वाढवल्या, तर वकिलातही बदलू शकते. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही हेही लक्षात असू द्या, डब्लिनचं स्वस्त तिकीट बघून हुरळलेले दोघं मला माहिती आहेत.

क्रेडिटचं एक राहिलं. ते बहुतेक वेळा मूळ तिकीट काढल्या तारखेपासून वर्षभर चालतं आणि ज्याच्या नावाचं तिकीट त्याच्याच नावावर येतं, दुसऱ्याला देता येत नाही. आमच्या त्या रोमच्या चारातली माझी आणि लेकीची, ती महागडी दोन, नंतर २१० ने उतरली, बदलून घेतली, माझं क्रेडिट शिकागोच्या कामाला लगेच संपलं. लेकीचं अजून पडून आहे, ती आता बारा वर्षांची आहे आणि येईल त्याला सांगत असते की पुढच्या ट्रिपचे पैसे माझ्याकडे आहेत, बाबाला विचारू नका.